पाणी मागतेय

रविवारी सकाळी साडेनऊचा खेळ तमिळ असायचा
वाशीच्या थेटरात.
गर्दी तुर्भे स्टोअरची, कोपरखैरण्याची,
थोडी नेरूळची, गजरेवाली.
विनोद उशिरा कळणारा तिथं मी एकटाच.
सगळं थेटर हसून झालं
की वळर्मती माझ्या कानात मराठी करायची,
मग मी हसायचो,
आणि पुढच्या रांगेतले वळून बघायचे.

मती म्हणायचो तिला.
मराठीत मती म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं.
"तुला नाहीये ना, म्हणून मी," म्हणायची.

तिचे अप्पा आमच्याच इमारतीत
जिन्याखाली इस्त्री करायचे. कोळशाची.
माझे शर्ट तिला माझ्याआधी भेटले.
कॉलरला आतून निळ्या दोऱ्याचा टाका
म्हणजे सातवा मजला, म्हणजे आम्ही.
अप्पा हात न थांबवता म्हणायचे, "तण्णी",
ती बाटली पुढे करायची, झाकणाला भोकं पाडलेली.
कापड चर्रर्र करायचं,
वाफेत तिचं तोंड क्षणभर दिसेनासं व्हायचं.
मला येणारा एकुलता एक तमिळ शब्द तो.

त्या रविवारचा सिनेमा मिठागरांचा.
मालक कोण, ते मिशीवरूनच कळलं.
मालकाचा मुलगा शहरात शिकून आलेला,
आणि ती, मीठ ओढणारी,
टाचा फुटलेल्या, डोळे उन्हानं बारीक.
दुपारच्या त्या पांढऱ्या उजेडात
ती त्याला काहीतरी म्हणाली.
लांबलचक. मधे एकदा थांबून.
थेटरात कुणी वेफर्सची पिशवीसुद्धा वाजवली नाही.

"काय म्हणाली?"
मती जरा वेळानं म्हणाली,
"पाणी मागतेय."
"एवढं बोलून?"
"तमिळमध्ये वेळ लागतो पाणी मागायला."

पडद्यावर त्यानं मात्र पाणी दिलं नाही.
तिच्याच मडक्याला तोंड लावून
स्वतःच घटाघटा प्यायला.
शिट्ट्या, नाणी, एक म्हातारा तर उभाच राहिला.
"शिट्ट्या कशाला?"
"त्याला पण तहान लागलेली," मती म्हणाली,
आणि नंतर मध्यंतरापर्यंत
तिनं काही मराठी केलं नाही.

पुढच्या महिन्यात मी तिला घरी आणलं.
जिन्यानं नाही, लिफ्टनं.
आई चांगलं वागली. खरंच.
खुर्ची दिली, बी.कॉम.चं विचारलं,
"मराठी किती छान बोलतेस," म्हणाली दोनदा.
मग पाणी आलं
कागदी कपात,
बाबांच्या साठीतून उरलेल्या पाकिटातला.
आम्हाला काचेच्या पेल्यांतून.

मी पाहिलं.
पंख्याकडे बघून म्हणालो, उकडतंय.

तिनं पाणी संपवलं, सगळं.
कप दाबून चपटा केला,
कडा कडेला जुळवून नीट घडी घातली,
इस्त्रीवाल्याची मुलगी,
आणि पर्समध्ये ठेवून दिला.
आमच्या घरात टाकलासुद्धा नाही.
लिफ्टपाशी म्हणाली, "शर्ट गुरुवारी मिळतील."
गुरुवारी अप्पाच आले.

आता मी खारघरला असतो.
काल रात्री टीव्हीवर तोच सिनेमा लागला,
तळाशी इंग्रजी ओळी.
बायको झोपली होती, आवाज बारीक केला.
मिठागर आलं. ती आली. बोलली.
आणि खाली उमटलं:
तुझ्या घरी नेशील मला, नेच,
पण आधी सांग,
माझा पेला कुठल्या फळीवर ठेवणार?

तीनदा मागे नेऊन ऐकलं.
डोळे मिटून, नुसतं कानानं,
तेव्हासारखं.

त्या अख्ख्या वाक्यात
तण्णी हा शब्द कुठेच नाही.

आणि तेवढा एक तर
मला येत होता.